स्वतःचा वेब ब्राउझर बनवायचा आहे, इंजिन कोणतं निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातले तीन मित्र, नोकऱ्या सांभाळून, विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मराठी वाचकांचा ब्राउझर बनवताय. मेनू मराठीत, अक्षरं मोठी करायची सोय, जुन्या मराठी साइट वाचता याव्यात. त्यासाठी इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, कुठून आणावं: क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला गूगलचा खुला कोड) फोर्क करावं, म्हणजे त्याची वेगळी प्रत काढून बदलावी, फायरफॉक्सचं गेको घ्यावं, की इंजिन स्वतःच लिहावं?

मी महापे एमआयडीसीत कियॉस्क मशीनं (सार्वजनिक जागी लोक स्क्रीनवर कामं करतात ती) बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. स्क्रीनवर जो ब्राउझर चालतो तो माझ्याकडे असतो. त्या अनुभवावरून सांगतो: जे इंजिन तुम्हाला स्वतः कंपाइल करावं, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवावं लागेल, ते घेऊ नका. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं वेबव्ह्यू-टू घ्या, अँड्रॉइडवर फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं गेकोव्ह्यू; दोन्ही आपल्या ॲपमध्ये बसवायची इंजिनं. दोन्हीकडे तयार बिल्ड (कंपाइल केलेला संच) मिळतं, आणि सुरक्षेची भोकं बुजवायला दुसऱ्या कुणाचे पगारी लोक बसलेले असतात.

इंजिन निवडताना वेग, मेमरी, लायसन्स यांवरच सगळी चर्चा होते. पण खरा प्रश्न आहे की पुढची पाच वर्षं अपडेट कोण देणार. क्रोमची नवी आवृत्ती 2021 पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली आणि 2023 पासून सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) दर आठवड्याला. हा कोड उघडा असतो. दुरुस्ती रेपॉझिटरीत (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) पडली की भोक नेमकं कुठे होतं हे हल्लेखोरालाही वाचता येतं. तुमचा फोर्क तीन आठवडे मागे राहिला, तर तेवढे दिवस तुमचे वापरकर्ते जगजाहीर भोक घेऊन नेट बँकिंग करणार. तुमचे वापरकर्ते म्हणजे बहुतेक तुमच्या-माझ्या आई-वडिलांच्या वयाची माणसं. ही जबाबदारी मी फार गंभीरपणे घेतो, तुम्हीही घ्या.

फोर्क सांभाळणं म्हणजे काय, ते एका बटणावरून बघा. समजा टूलबारवर 'अक्षर मोठं करा' असं बटण घातलंत. ते क्रोमियमच्या 'क्रोम' फोल्डरमधल्या फाइलींत जातं, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या ब्राउझरची वरची सजावट जिथे आहे तिथे. महिन्याभरात त्यांनी तिथलं एक फंक्शन दुसरीकडे हलवलं की तुमचा पॅच लागत नाही. मग कॉन्फ्लिक्ट, म्हणजे त्यांच्या आणि तुमच्या बदलांची टक्कर, सोडवा, पुन्हा बिल्ड लावा. त्या बिल्डसाठी क्रोमियमचीच सूचना आहे की डिस्कवर निदान 100 जीबी जागा हवी, आणि 16 जीबीपेक्षा जास्त रॅम असलेली बरी. घरच्या लॅपटॉपवर पूर्ण बिल्ड रात्रभर चालत राहतं. असे दहा बदल केले की दर महिन्याचे शनिवार-रविवार त्यातच जातील आणि मराठीचं काम तसंच पडून राहील.

स्वतःचं इंजिन लिहायचा विचार तर सोडाच. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं प्रेस्टो सोडलं, मायक्रोसॉफ्टने 2018 च्या डिसेंबरात एज ब्राउझरचं स्वतःचं एजएचटीएमएल सोडून क्रोमियम घेत असल्याचं जाहीर केलं. केंद्र सरकारने 2023 मध्ये भारतीय ब्राउझरची स्पर्धा सुरू केली, त्यात पहिला आलेला झोहोचा उला हाही क्रोमियमवरच उभा आहे. शिकायची हौस असेल तर सर्वो किंवा लेडीबर्ड या खुल्या प्रकल्पांच्या कोडमध्ये जरूर हात घाला, तिथे बाहेरच्यांचे पॅच घेतात.

आता विंडोज. वेबव्ह्यू-टू आतून एजचंच इंजिन, म्हणजे क्रोमियममधलं ब्लिंक. त्यात 'एव्हरग्रीन' प्रकार निवडा. विंडोज 11 मध्ये तो आधीपासूनच असतो आणि मायक्रोसॉफ्टकडून परस्पर अपडेट होतो. 'फिक्स्ड व्हर्जन' घेतलंत तर अपडेटचं ओझं पुन्हा तुमच्या डोक्यावर येतं. क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क, म्हणजे सेफ (CEF), हाही चांगला पर्याय आहे. तो जास्त मुभा देतो, पण इंजिन तुमच्या इन्स्टॉलरबरोबर जातं आणि प्रत्येक नवी आवृत्ती तुम्हीच पोचवायची. तिघांच्या टीमला ते झेपेल असं मला वाटत नाही.

अँड्रॉइडवर फोनमधलाच वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) घ्यावा असं कुणीही सांगेल. तो प्ले स्टोअरवरून आपोआप अपडेट होतो आणि ॲपही हलकं राहतं. पण ब्राउझरसाठी त्यात एक मोठी अडचण आहे: गूगलने 2017 पासून वेबव्ह्यूमधून 'गूगलने साइन इन' बंद केलंय. बटण दाबलं की 403 आणि 'डिसअलाउड युजर एजंट' असा एरर येतो. आपल्याकडे बऱ्याच साइटवर लोक त्याच बटणाने आत जातात. युजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख, बदलून चकवता येतं, पण ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि उद्या बंद पडू शकतं. शिवाय वेबव्ह्यूमध्ये साइटची पुश नोटिफिकेशनही येत नाहीत. म्हणून गेकोव्ह्यू. अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स त्याच्यावरच चालतो. मोझिला तयार बिल्ड मेवनवर (तयार कोडच्या ऑनलाइन कोठारात) टाकते. तुम्ही ग्रेडलमध्ये (ॲप बिल्ड करणाऱ्या साधनात) आवृत्तीचा आकडा बदलायचा, तपासायचं आणि प्ले स्टोअरवर चढवायचं. ॲपचा आकार वाढतो, ते मात्र सोसावं लागेल.

सेफसारख्या फ्रेमवर्कमधूनही गूगल लॉगिन अडवणार असल्याचं 2019 मध्ये जाहीर झालं होतं. तेव्हा विंडोजवरही पहिल्याच दिवशी, एकही मेनू बनवायच्या आधी, रिकाम्या खिडकीत जीमेलला लॉगिन करून बघा.

दोन प्लॅटफॉर्मवर दोन इंजिनं म्हणजे दुप्पट काम, असं वाटेल. तसं होत नाही, कारण तुमच्या ब्राउझरचं वेगळेपण इंजिनात नाहीच. देवनागरी जुळवायचं काम क्रोमियम आणि फायरफॉक्स दोन्हीत हार्फबझ करतं, 'दुसऱ्या' मधला अर्धा ऱ दोन्हीकडे नीट येतो. तुम्हाला हवं ते पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बसतं, आणि एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, म्हणून लिहिलंत तर तोच गाभा गेकोव्ह्यू आणि वेबव्ह्यू-टू दोन्हीवर चालवता येईल.

उदाहरणार्थ ल आणि श. मराठी वळणाचे ल, श आणि हिंदी वळणाचे वेगळे. काही फाँटांत दोन्ही असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (मराठी) अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण उमटतं. कितीतरी मराठी साइट विकतच्या थीमवर बनतात आणि भाषा 'ईएन' (इंग्रजी) तशीच राहते. तुमच्या स्क्रिप्टने मजकुरात 'आहे', 'नाही', भरपूर ळ सापडले की तो गुणधर्म 'एमआर' करावा. चार ओळींचं काम आहे, आणि मराठी वाचकाला पान लगेच आपलं वाटतं.

जुन्या साइटचंही तसंच. युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांच्या) आधी बऱ्याच साइटनी स्वतःचे फाँट वापरले. पानाबरोबर ईओटी प्रकारची फाँट फाइल यायची आणि ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररलाच कळायची. आज तिथे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. कोणतंही इंजिन घेतलं तरी तो तसाच दिसणार. फाँटचं नाव ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा तक्ता लिहावा लागेल, एकेका फाँटसाठी वेगळा. पहिली वेलांटी व्यंजनाआधी टाइप केलेली असते ती उचलून व्यंजनानंतर ठेवायची, रफार उलट अक्षरानंतर असतो तो आधी आणायचा. या तक्त्यांवर वेळ घालवा, तिघांचाही. ते दुसरं कुणी आपल्यासाठी करून देणार नाही.

आयफोनचा विचार नंतर आला तर निवड करायचा प्रश्नच नाही, भारतात तिथे ॲपलचं वेबकिट इंजिनच वापरावं लागतं. म्हणून खिडकी, टॅब, बुकमार्क यांचा कोड इंजिनाच्या कोडपासून आतापासूनच वेगळा ठेवा.

कोणत्या जुन्या साइट डोळ्यासमोर आहेत ते कमेंटमध्ये लिहा. फाँट ओळखता आला तर तक्त्याची सुरुवात मी करून देईन.