तीन इन्व्हर्टर, मास्टर एकही नाही: लोड वाटायचा कसा?

प्रश्न मुलुंडच्या सोसायटीचा आहे: ५ किलोवॅटचे दोन आणि १० किलोवॅटचा एक, असे तीन फेजचे तीन इन्व्हर्टर वीज गेल्यावर एकाच बसवर, म्हणजे सामायिक तारांवर, चालवायचेत. सगळ्यांना चालवणारा मास्टर कंट्रोलर नको, कारण तो बसला की सगळंच बसतं.

जमतं. आधी चेंजओव्हर स्विचने महावितरणची लाइन पूर्ण तोडा. असे इन्व्हर्टर बंद लाइनमध्येही वीज सोडतात आणि त्यात लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

लोडची वाटणी ड्रूपवर सोडा, म्हणजे लोड वाढेल तशी प्रत्येकाने आपली फ्रिक्वेन्सी थोडी खाली आणायची. शून्य लोडला ५० हर्ट्झ, पूर्ण लोडला ४९.५, तिघांनाही सारखंच. म्हणजे ५ वाल्यांना उतार ०.१ हर्ट्झ प्रति किलोवॅट, १० वाल्याला ०.०५. लोड १२ किलोवॅट झाला की बस ४९.७ वर येते आणि वाटणी ३, ३, ६ अशी होते, एकही सिग्नल वायर नसताना. सोसायटीतल्या केबलला रेझिस्टन्स जास्त आणि रिअॅक्टन्स कमी असतो, म्हणून व्हर्च्युअल इम्पिडन्स (सॉफ्टवेअरने भासवलेली कॉइल) हवाच. नाहीतर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे लूप एकमेकांत अडकतात.

मग ४९.७ चे पुन्हा ५० करायला प्रत्येकात स्वतंत्र इंटिग्रल (चूक साठवत जाऊन ती शून्य होईपर्यंत दुरुस्ती करणारा भाग) लावला जातो, आणि नेमका इथे घोळ होतो. दोन इन्व्हर्टरच्या घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असेल, तर एकाच बसची फ्रिक्वेन्सी दोघांना २.५ मिलिहर्ट्झने वेगळी दिसते. दोघांची चूक एकाच वेळी शून्य होऊच शकत नाही. इंटिग्रल गेन १ प्रति सेकंद धरला तर ५ वाल्या दोघांच्या लोडमधला फरक सेकंदाला २५ वॅटने वाढतो, आणि २०० सेकंदांत ५ किलोवॅट होतो!

म्हणून प्रत्येकाने आपली दुरुस्ती बाकीच्या दोघांना कळवायची आणि इंटिग्रलमध्ये त्यांच्याशी असलेला फरकही वजा करायचा. गच्चीवरच्या वायफायवर भिस्त नको. कॅनची, म्हणजे उपकरणांमधल्या निरोपांच्या नेटवर्कची, केबल ओढा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. प्रत्येक जोडीचा गेन १ प्रति सेकंद असताना या सरासरीच्या लूपला सुमारे ०.५२ सेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, गेन ५ केला तर जेमतेम ०.१. मी याच्या एक तृतीयांशापुढे जाणार नाही.

सर्वांत वाईट नॉनलिनिअॅरिटी करंट लिमिटची: तिथे वरचं सरळ गणित मोडतं. वरच्या टाकीचा ५ एचपीचा पंप डायरेक्ट सुरू केला तर ४५ अँपिअरच्या आसपास खेचतो. तिन्ही मिळून देऊ शकतात २८. लिमिट लागली की इन्व्हर्टर ड्रूपचा नियम पाळत नाही, त्याच्या व्होल्टेजचा अँगल बाकीच्यांपासून घसरतो, एक ट्रिप होतो आणि त्याचा भार पडून मागोमाग बाकीचे. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) लावा, १० सेकंदांचा रॅम्प द्या. लिमिट चालू असेपर्यंत इंटिग्रल आहे तिथे थांबवा.

कॅनचा निरोप अर्धा सेकंद आला नाही तरी तेच करा, नाहीतर क्रिस्टलचा तोच घोळ परत सुरू होईल. हे तपासायला १२ किलोवॅट लोडवर केबल काढून पाच मिनिटं तिन्ही मीटर बघा: ५ वाल्या दोघांतला फरक २५ वॅटच्या आसपास थांबला पाहिजे. वाढतच राहिला, तर कुठलातरी इंटिग्रल अजून चालू आहे.