मे महिन्यात कोलोरॅडो? आधी रस्ता उघडा आहे का बघा

"मेच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून आईबाबा येणार. डेन्व्हर, एस्टेस पार्क, तिथून ट्रेल रिज रोडने ग्रँड लेकला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मेसा व्हर्दे." तुम्ही विचारणा करताना लिहिलेला हा बेत वाचून पोटात गोळाच आला. सहा वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या सासूसासऱ्यांना घेऊन मी हाच बेत आखला होता, अगदी मेच्या पहिल्या आठवड्यासकट. विमान, व्हिसा, भाड्याची गाडी यांवर काही लिहीत नाही, ते तुमचं झालंच असेल.

ग्रँड लेकचे पैसे परत मिळणार असतील तर बुकिंग आजच रद्द करा.

माझं काय चुकलं ते सांगते. बुकिंगवाल्यांनी पाठवलेल्या माहितीपत्रकातल्या नकाशावर एस्टेस पार्क ते ग्रँड लेक ४८ मैल. रस्त्याला रीतसर नंबर, यूएस ३४. नंबर असलेला हायवे बंद कसा असेल, असं माझं डोकं चाललं. तरी मनात पाल चुकचुकली म्हणून त्यांच्या ऑफिसला फोन केला, तर पलीकडची बाई म्हणाली, "मे आहे हो, मस्त वसंत असतो, निर्धास्त या." मी निर्धास्त गेले. मेनी पार्क्स कर्व्ह नावाच्या वळणापाशी रस्त्याचं फाटक बंद!

हा ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतो तो थेट मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या, आसपास उघडतो. तेही बर्फाच्या मर्जीवर.

सासरे म्हणाले, "मग दुसऱ्या रस्त्याने जाऊ." दुसरा रस्ता म्हणजे पुन्हा डेन्व्हरच्या दिशेने खाली, आय-७० हायवे पकडायचा, मग यूएस ४० ने ११,३०७ फुटांची बर्थड खिंड ओलांडायची. नकाशावर ही दोन गावं शेजारी दिसतात, पण मधे खंडाचं पाणी दोन बाजूंना दुभागणारी डोंगररांग आहे. एस्टेस पार्कचं पाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जातं, ग्रँड लेकचं कोलोरॅडो नदीतून पश्चिमेला. आपल्या महाबळेश्वराहून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसंच. हे सासऱ्यांनीच गाडीत समजावलं, आणि मी भूगोलात बरे मार्क मिळवलेली बाई गप्प बसून ऐकत होते. खिंडीत बर्फ लागला. पाच तासांनी पोचलो तेव्हा सासूबाईंना दोन उलट्या झालेल्या, डोकं ठणकत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच ऑफिसात गेले. उरलेल्या दोन रात्रींचे तरी पैसे द्या म्हटलं, तर "रस्ता बंद असणं ही आमची जबाबदारी नाही, अटी वाचा." अहो, तुम्हीच निर्धास्त या म्हणालात ना? तर म्हणे फोनवरच्या बोलण्याची नोंद नसते. असो. अजून आठवलं की डोकं फिरतं. थोडक्यात, रस्त्याची चौकशी तो ज्यातून जातो त्या रॉकी माउंटन नॅशनल पार्ककडेच करा, खोली विकणाऱ्याकडे नको.

आता उंचीवरच्या विरळ हवेचं. मी डॉक्टर नाही, आईबाबांना बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच निघा. पण एवढं लक्षात घ्या की डेन्व्हरच्या विमानतळावर उतरलात म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर उतरलात. ५,४०० फूट, न चढता. ग्रँड लेक सुमारे ८,४०० फुटांवर. आमच्या खोलीत नुसतं पातेलं होतं, त्यात तुरीची डाळ दीड तास उकळली तरी दाणा दाताखाली येत होता. तिथे पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, डाळ बिचारी काय करणार! छोटा कुकर न्याच.

पहिले दोन दिवस डेन्व्हरातच काढा, असं माझं मत. (काहींना पहिल्याच दिवशी वर जाऊन काही होत नाही, त्यांचं नशीब.) कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या विधानभवनाच्या, पायऱ्यांवर एक मैल उंचीची खूण आहे, तिथे फोटो होतो. हिस्टरी कोलोरॅडो सेंटर हे इतिहासाचं संग्रहालयही बघा. १८५८-५९ ची सोन्याची धाव, १८७६ मध्ये अमेरिकेच्या शंभरीच्या वर्षी राज्याचा दर्जा, हे कौतुकाने सगळेच सांगतात. पण २९ नोव्हेंबर १८६४ ला सँड क्रीकला सैनिकांनी शायान आणि अरापाहो या मूळ रहिवाशांच्या तळावर हल्ला केला, मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. ते वाचल्यावर सासरे बराच वेळ बोलले नाहीत.

मेसा व्हर्दे दुसऱ्या दिवशी? विसरा. डेन्व्हरहूनच सुमारे ४०० मैल आहे, वाटेत पुन्हा घाट. आणि मूळ रहिवाशांनी इ.स. १३०० च्या सुमारास सोडून दिलेली तिथली कड्यातली घरं धावतपळत बघण्यासारखी नाहीत. त्यांतल्या क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आहेत, आत जायला शिड्या चढाव्या लागतात. बाबांचे गुडघे कसे आहेत? बरे नसतील तर समोरच्या सन पॉइंटवरून क्लिफ पॅलेस लांबून दिसतो, तेवढ्यावर भागवा.

तारखा हलत असतील तर सप्टेंबर घ्या, अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर दुपारच्या आत उंचावरून खाली या, विजा पडतात. तारखा हलणार नसतील तर मुक्काम एस्टेस पार्कलाच ठेवा, बेअर लेक बघा आणि एक दिवस कोलोरॅडो स्प्रिंग्जचं गार्डन ऑफ द गॉड्स, म्हणजे तिथले लाल खडकांचे सुळके.

चुभूदेघे. कुकरची जास्तीची रिंग न्या, आमची तिथेच फाटली होती.