‘गुड बिअर गाईड’मधले सगळे पब पाहून होतील का?

तुम्ही विचारलंय की वर्षभर इंग्लंडात राहणार आहात, तर ‘गुड बिअर गाईड’ या चांगल्या बिअरच्या पबांच्या पुस्तकातला एकूण एक पब पाहायचा म्हटलं तर जमेल का, आणि एकट्या भारतीय माणसाला गावाकडच्या पबात अवघडल्यासारखं होतं का. मी डर्बीत राहतो आणि हा नाद मलाही आहे, म्हणून लिहितो.

वर्षभरात नाही जमणार. गाईडमध्ये साधारण ४,५०० पब असतात. त्यात स्कॉटलंड, वेल्सही येतात, पण बहुतेक इंग्लंडचेच. रोज एक म्हटलं तरी बारा वर्षं लागतील, आणि तोवर यादीच बदललेली असेल. दर वर्षी नवी आवृत्ती निघते, तेव्हा शेकडो पब गळतात आणि शेकडो नवे येतात. तरीही हा उद्योग करणारी माणसं इथे आहेत. बरीचशी निवृत्त, खिशात ज्येष्ठांचा बस पास (आठवड्यातल्या कामाच्या दिवशी साडेनऊनंतर फुकट), पिशवीत खुणा करून करून जीर्ण झालेलं गाईड. यादी संपणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

यादी इतकी का हलते, हे कळलं तर तुमचा बेत आखणं सोपं जाईल. गाईड काढते ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना. मोठ्या कंपन्या गॅस भरलेली, गाळून ‘मेलेली’ केग बिअर सगळीकडे खपवत होत्या, त्याला वैतागून १९७१ मध्ये चार तरुणांनी ती काढली. १९७४ च्या गाईडमध्ये वॉटनी या बड्या कंपनीबद्दल ‘प्लेगसारखं लांब राहा’ असं छापलं होतं. छापणारे घाबरले, त्या प्रती रद्द झाल्या आणि मजकूर सौम्य करून पुन्हा छपाई झाली. ही खोड मला फार आवडते. आजही पबची निवड स्थानिक शाखांचे सभासद करतात, तेही फुकट. पबवाल्याकडून पैसे घेत नाहीत. वर्षभर जाऊन पिऊन शून्य ते पाच गुण देतात, आणि प्रत्येक भागाला ठरावीक जागा असतात. त्यामुळे चांगला पबही बाहेर राहतो. तेव्हा गाईडबाहेरचा म्हणजे वाईट, असं धरू नका.

गुण मिळतात ते इमारतीला नाही, पिंपातल्या बिअरला. ही बिअर जिवंत असते: पिंपात यीस्ट असतं, पबच्या तळघरात तिचं दुसरं किण्वन होतं, आणि साधारण ११ ते १३ अंशांवर हातपंपाने ओढून ती पेल्यात येते. वरून गॅस सोडत नाहीत. पिंप उघडलं की हवा शिरते, म्हणून तीनेक दिवसांत ते संपायला हवं. नेहमीचं लहान पिंप, फर्किन, नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट (पाइंट म्हणजे मोठा पेला, अर्ध्या लिटरहून थोडा जास्त). आता खेड्यातला पब, पावसाळी मंगळवार आणि बारवर आठ पंप, हा हिशेब तुम्हीच करा. आठ पंपांपेक्षा तीन पंपांचा पब मला जास्त भरवशाचा वाटतो. तळघर सांभाळणारा माणूस सोडून गेला की दोन महिन्यांत पब घसरतो, आणि पुढच्या गाईडमधून नाव जातं.

म्हणून सगळा देश सोडा, एक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) धरा. डर्बीशर घ्या. डर्बी स्टेशनबाहेर लगेच ब्रन्सविक इन आहे, रेल्वे कामगारांच्या वस्तीतला कोपऱ्यावरचा पब. तिथून थोड्याच मिनिटांच्या रेल्वेप्रवासावर, शेजारच्या स्टॅफर्डशर काउंटीत, बर्टन हे बिअरसाठी नावाजलेलं गाव आहे. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून फिकट, कडवट बिअर तिथे छान जमायची. १८२० च्या दशकापासून हीच पेल एल पिंपं भरभरून मुंबई-कलकत्त्याला जाऊ लागली. पुढे तिला इंडिया पेल एल म्हणू लागले. आणि खरी मजा हवी तर विर्क्सवर्थहून शेतांमधून चालत कर्क आयर्टनला जा. तिथल्या बार्ली मोमध्ये बिअर थेट पिंपातून काढून लहानशा खिडकीतून देतात. सतराव्या शतकातली दगडी इमारत, तिच्यासमोर बाकीच्या पबांची सजावट पोरकट वाटते.

निघण्याआधी फोन करा. खेड्यातले बरेच पब सोमवार-मंगळवार बंद असतात, काही दुपारीही. रविवारी बस नसते, असली तर परतीची नसते. गाडी चालवायचा विचारही नको. इंग्लंडात १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं, भारतात ३०, म्हणून इथे सूट आहे असं समजून लोक फसतात. अर्धा पाइंट मागायला लाजू नका, दिवसात चार पब करायचे तर दुसरा उपाय नाही. बिअर आंबट लागली तर शांतपणे परत द्या, चांगला पब वाद न घालता बदलून देतो. आणि शाकाहारी असाल तर विचारून घ्या: बिअर नितळ करायला पुष्कळ ठिकाणी अजून माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात.

आता दुसरा प्रश्न. तो वेडगळ अजिबात नाही. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये काही पब आपल्या लोकांना सरळ नाकारत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स मुद्दाम तिथे येऊन गेले. त्याच वर्षी कायदा झाला आणि पबात असा भेदभाव बेकायदा ठरला. आज त्याच स्मेथिक-वेस्ट ब्रॉमिच पट्ट्यात पंजाबी मालकांचे देसी पब आहेत, मिक्स्ड ग्रिलसाठी (भाजलेल्या मांसाचं ताट) गोरेही तिथे रांग लावतात. माझा अनुभव सांगायचा तर खेड्यात माना वळतात, पण त्या शेजारच्या गावाहून आलेल्याकडेही वळतात. कोपऱ्यातलं टेबल धरू नका, बारपाशी उभे राहा आणि कुठल्या पंपाची बिअर आज चांगली आहे ते विचारा. पाच मिनिटांत कुणीतरी तुमच्या बसची वेळ सांगू लागतो. फक्त कुणाच्या राउंडमध्ये शिरू नका. एकाने सगळ्यांना पाजली की तुमचीही पाळी येते, आणि मग अर्ध्या पाइंटचा बेत तिथेच संपतो. ‘बस पकडायची आहे’ म्हणा आणि आपली आपण घ्या, कुणी वाईट वाटून घेत नाही.