देवाला दिलेलं कोणाच्या खिशातून जातं?

"ख्रिस्तासाठी स्वतःला नाकारायचं म्हटलं की घरचेच आड येतात. मग त्यांनाही सोडायचं का?" मनापासून विश्वास ठेवणारी माणसं हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारतात. इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती अकाउंटंटनेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, धरलेले उपास त्यांनी ईस्टरनंतरही सोडले नव्हते. अर्धा पगार सेवाकार्याला, रोज संध्याकाळी दार लावून दोन तास प्रार्थना, आणि आता नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचं मनात होतं. बायको काही बोलली की म्हणायचे, "हाच माझा वधस्तंभ."

"ताई, राणी मारियांनी जीव दिला. मी पगारही देऊ नको?"

इंदूरच्या ख्रिस्ती घरांत हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात गोरगरिबांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी या कॅथलिक सिस्टर झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसने येताना त्यांची हत्या झाली. २०१७ साली इंदूरमध्येच त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

मी म्हटलं, "त्यांनी दिलं ते स्वतःचं होतं, आणि त्याने दुसऱ्यांचं ओझं उतरलं. तुम्ही जे सोडलंत त्याचा भार कोणावर पडला, तेवढं लिहून आणा."

पुढच्या वेळी ते वही घेऊन आले. अकाउंटंटचाच हात, मधोमध सरळ रेघ मारलेली. डावीकडे 'अर्धा पगार', उजवीकडे 'मुलीची फी थकली, हिने माहेरून पैसे आणले'. डावीकडे 'प्रार्थना', समोर 'बाबांच्या पायाचं ड्रेसिंग हीच करते'. 'उपास' या शब्दासमोर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, "दर रविवारी चर्चमध्ये साक्ष देतो, उपासाबद्दल सगळ्यांसमोर सांगतो. लोक कौतुक करतात."

बायबलमधला मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आम्ही एकत्र वाचला. आईबापांना द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच सुनावलं आहे. पण लूक ९:२३ मधली अट, स्वतःला नाकारून दररोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, ही मी कोणासाठीही सैल करत नाही. येशूने 'दररोज' म्हटलंय, आणि दररोज म्हणजे घरात, तिथल्याच माणसांसोबत.

मग ठरलं ते असं. उपास करायचा, पण मत्तय ६ मध्ये सांगितलंय तसा, डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन, कोणाला कळू न देता. साक्ष काही काळ बंद. किती द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. त्यांनी दशमांश ठरवला. आणि ड्रेसिंग त्यांनी करायचं.

ते सगळ्यात जड गेलं. मधुमेहाची जुनी जखम, वास यायचा. पाय मांडीवर घ्यायचा, चिकटलेली पट्टी सलाइनने भिजवायची आणि ती सुटेपर्यंत थांबायचं. घाई केली की बाबा कळवळायचे, "हळू रे." पहिल्या आठवड्यात त्यांना मध्येच उठून बाहेर जावं लागलं.

"ताई, दोन तास गुडघ्यांवर बसणं सोपं होतं."

प्रार्थना आता पहाटे होते, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. फी भरली गेली. नोकरीचा प्रश्न मात्र तसाच आहे. मुलीची दहावी होईपर्यंत नाही, असं बायकोने स्पष्ट सांगितलंय. पाळकांकडे एकट्याने न जाता दोघांनी जावं, असं मी सुचवलं. थांबणं त्यांना आवडलेलं नाही, पण ते थांबले आहेत.