‘यूज्ड टू’ : तीन अर्थ आणि नेहमीच्या चुका

इंग्रजी व्याकरणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीच यावेळी ‘यूज्ड टू’ या एकाच शब्दजोडीबद्दल आहेत. म्हणून त्यांची उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी एका कर सल्लागाराकडे अकाउंटंट आहे. मुलाखतीत सध्याच्या कामाबद्दल विचारल्यावर मी ‘आय यूज टू फाइल जीएसटी रिटर्न्स’ म्हणालो. त्यावर ‘मग आता ते काम कोण पाहतं?’ असा प्रश्न आला. माझं वाक्य कुठे चुकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : समोरच्याने तुमच्या वाक्याचा अर्थ बरोबर लावला. ‘यूज्ड टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप आलं की अर्थ होतो : पूर्वी असं असायचं, आता नाही. तुम्ही ते काम सोडलंत असंच त्यांना वाटलं. तुम्ही ‘डी’ वगळून ‘यूज टू’ म्हणालात, पण त्याने फरक पडत नाही. बोलताना तो ‘डी’ पुढच्या ‘टी’त मिसळून जातो आणि कानावर ‘यूस्टू’ एवढंच पडतं.

रोजच्या सवयीसाठी ‘आय यूज टू’ असं वर्तमानकाळी रूप आजच्या इंग्रजीत नाही. शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीत ते होतं, पुढे गळून पडलं. आपल्याकडे मात्र ही चूक फार पसरली आहे. मराठीत ‘मी करत असे’ आणि ‘मी करत असतो’ ही रूपं शेजारी शेजारी नांदतात. ‘करत असे’ला ‘यूज्ड टू’ हे शाळेत पाठ होतं, मग ‘करत असतो’ला ‘यूज टू’ असणारच असं आपण धरून चालतो. इंग्रजीत ‘करतो’ आणि ‘करत असतो’ या दोन्हींना साधा वर्तमानकाळच पुरतो : ‘आय फाइल जीएसटी रिटर्न्स एव्हरी मंथ.’ ‘सहसा’, ‘बहुतेक वेळा’ असं सुचवायचं असेल तर ‘यूज्वली’ घाला. त्याची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी : ‘आय यूज्वली लीव्ह होम ॲट नाइन.’ क्रियापद ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ असेल तर त्याच्या नंतर : ‘आय ॲम यूज्वली ॲट माय डेस्क बाय टेन.’

बायोडेटात आधीच्या नोकरीबद्दलही ‘यूज्ड टू’ टाळावं असं आम्हांला वाटतं. तिथे साधा भूतकाळ जास्त नेमका वाटतो : ‘आय फाइल्ड रिटर्न्स फॉर फॉर्टी क्लायंट्स.’ शिवाय एकूण मुदत किंवा एकूण किती वेळा हे सांगताना ‘यूज्ड टू’ चालतच नाही. ‘आय यूज्ड टू वर्क देअर फॉर थ्री इयर्स’ हे चूक, ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ हे बरोबर. ‘आठवड्यातून दोनदा’ अशी वारंवारता मात्र चालते : ‘आय यूज्ड टू गो देअर ट्वाइस अ वीक.’

प्रश्न : ‘आय ॲम यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ की ‘वर्किंग ॲट नाइट’? ‘टू’नंतर मूळ क्रियापद येतं असं आम्हांला शिकवलं होतं.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ‘वर्किंग’. गोंधळाचं मूळ ‘टू’मध्ये आहे. ‘आय यूज्ड टू वर्क’मधला ‘टू’ क्रियापदाला जोडलेला आहे. ‘आय ॲम यूज्ड टू’मधला ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा आहे, ‘रात्रपाळीची सवय’ यातल्या ‘ची’सारखा. त्याच्यापुढे नाम येतं, आणि क्रियापद आणायचंच असेल तर त्याला ‘आयएनजी’ लावून नामासारखं करावं लागतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यात ‘मीट’ न येता ‘मीटिंग’ येतं, तेही याच कारणाने.

शंका आली तर ‘टू’नंतर ‘इट’ (म्हणजे ‘ते’, ‘खाणे’ नव्हे) ठेवून पाहा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ हे पुरं वाक्य आहे, म्हणून तिथे ‘आयएनजी’ हवं. ‘आय यूज्ड टू इट’ला काही अर्थ नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद.

एकच क्रियापद तिन्ही कामांत पाहा. ‘ही यूज्ड टू ड्राइव्ह अ ट्रक’ : तो पूर्वी ट्रक चालवायचा, आता चालवत नाही. ‘ही इज यूज्ड टू ड्रायव्हिंग अ ट्रक’ : ट्रक चालवणं त्याच्या अंगवळणी पडलं आहे, त्याला ते जड जात नाही. ‘धिस इंजिन इज यूज्ड टू ड्राइव्ह अ पंप’ : हे इंजिन पंप चालवण्यासाठी वापरतात. तिसऱ्यात ‘वापरणे’ या साध्या क्रियापदाचा कर्मणी प्रयोग आहे, म्हणून ‘इज’ असूनही पुढे ‘आयएनजी’ येत नाही. ‘आयएनजी’च हवं असेल तर ‘टू’ बदलून ‘फॉर’ घ्या : ‘यूज्ड फॉर ड्रायव्हिंग अ पंप’.

उच्चारही वेगळा आहे. पहिल्या दोन अर्थांत ‘स’ : यूस्ट. ‘वापरणे’ या अर्थी ‘झाड’मधल्या ‘झ’च्या जवळचा आवाज : यूझ्ड. ‘झिम्मा’मधला ‘झ’ इथे कामाचा नाही.

प्रश्न : नकारार्थी वाक्यात ‘डिडन्ट यूज टू’ लिहायचं की ‘डिडन्ट यूज्ड टू’? मुलीच्या दोन पुस्तकांत दोन प्रकार दिसले.
– एक पालक, नाशिक

उत्तर : परीक्षेत ‘डिडन्ट यूज टू’ लिहावं. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने उचलला, पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. प्रश्नातही तेच : ‘डिड यू यूज टू प्ले कबड्डी?’ ‘यूज टू’ फक्त ‘डिड’नंतरच लिहायचं, एरवी ‘डी’ विसरायचा नाही. दोन्हींचा उच्चार सारखाच असल्याने ‘डिडन्ट यूज्ड टू’ छापील मजकुरातही सापडतं, पण पेपर तपासणारा ते चूक धरण्याची शक्यता मोठी. वाद टाळायचा असेल तर ‘नेव्हर यूज्ड टू’ वापरा : ‘शी नेव्हर यूज्ड टू ईट ब्रिंजल.’ त्यात कुणाला खोट काढता येत नाही.

‘यूज्ड टू वापरून वाक्य पुन्हा लिहा’ अशा प्रश्नात मुलं आधीच्या वाक्यातले शब्द तसेच ठेवतात. ‘ही वॉज इन द हॅबिट ऑफ वेकिंग अर्ली’ यातला ‘इन द हॅबिट ऑफ’ पूर्ण काढायचा आणि ‘वेकिंग’चं ‘वेक’ करायचं : ‘ही यूज्ड टू वेक अर्ली.’ ‘वॉज’ही जातो. तो राहिला तर अर्थच बदलतो.

प्रश्न : ‘यूज्ड टू’च्या जागी ‘वुड’ कधी चालतो?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : पुन्हा पुन्हा घडणारी कृती असेल आणि काळ आधीच सांगून झाला असेल तेव्हा. ‘व्हेन वुई वेअर चिल्ड्रन, वुई वुड स्विम इन द रिव्हर’ हे छान वाक्य आहे. स्थिती सांगताना मात्र ‘वुड’ नको. ‘इथे पूर्वी विहीर होती’ याला ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ असंच म्हणावं लागतं.

प्रश्न : टोरांटोला येऊन काही महिने झाले. ‘थंडीची सवय झाली का?’ या प्रश्नाला इंग्रजीत नेमकं काय उत्तर द्यावं?
– एक वाचक, कॅनडा

उत्तर : ‘सवय असणे’ला ‘बी यूज्ड टू’, ‘सवय होणे’ला ‘गेट यूज्ड टू’. काळ बदलतो तो ‘बी’ किंवा ‘गेट’चा, ‘यूज्ड’ तसाच राहतो. हळूहळू होतेय : ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू द कोल्ड.’ झाली : ‘आय हॅव गॉट यूज्ड टू इट.’ उत्तर अमेरिकेत इथे ‘गॉटन’ जास्त ऐकाल. होईल : ‘आय विल गेट यूज्ड टू इट.’ अजून नाही : ‘आय ॲम स्टिल नॉट यूज्ड टू इट.’ आणि सुट्टीत गावी आल्यावर उकाड्याची सवय राहिली नाही असं सांगायचं असेल तर ‘आय ॲम नॉट यूज्ड टू द हीट एनी मोअर.’ त्या जागी ‘आय डिडन्ट यूज टू द हीट’ म्हणू नका. त्यात ‘टू’नंतर क्रियापदच नाही, त्यामुळे वाक्य अर्धवट राहतं.