लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला बॅप्टिस्ट मंडळी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला का सांगते?

तान्हेपणी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, झालेला आणि पुढे मनापासून विश्वासात आलेला माणूस बॅप्टिस्ट मंडळीचा सभासद होऊ पाहतो, तेव्हा त्याला पुन्हा पाण्यात का उतरवतात, असे आपण विचारले आहे. मी स्वतः बॅप्टिस्ट आहे आणि आमच्या लेखी तो दुसरा नव्हे, पहिलाच बाप्तिस्मा असतो, कारण स्वतः विश्वास ठेवल्यावर घेतलेलाच बाप्तिस्मा आम्ही खरा मानतो. वाद वयाचा नसून मंडळी कोणाची बनते याचा आहे.

बालबाप्तिस्मा मानणारे सांगतात की अब्राहामाच्या वंशात जशी आठव्या दिवशी सुंता, तसा नव्या करारात बाप्तिस्मा. म्हणून विश्वासणाऱ्यांची मुले जन्मतःच देवाने आपल्या लोकांशी केलेल्या करारात असतात. हा युक्तिवाद दुबळा नाही, आणि आमच्यातले काही जण तो हसण्यावारी नेतात हे मला पटत नाही. परंतु यिर्मयाच्या 31व्या अध्यायात ज्या नव्या कराराचे वचन आहे, त्यातले लहानथोर सगळेच परमेश्वराला ओळखतात. तिथे नुसता जन्म पुरत नाही. फिलिप्पै येथील तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या सगळ्या घराण्याचा एकदम बाप्तिस्मा झाला, हा दाखला बालबाप्तिस्म्यासाठी नेहमी पुढे केला जातो, पण प्रेषितांची कृत्ये 16 वाचल्यास पौल व सीला यांनी त्या घरातल्या सर्वांना आधी प्रभूचे वचन सांगितले आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला, असा क्रम दिसतो. घरात तान्ही बाळे होती की नाही, याविषयी शास्त्र गप्प आहे.

पाणी किती, हा प्रश्न आमच्याकडेही नंतर आला. 1609 च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये आमच्या आरंभीच्या पुढाऱ्यांपैकी जॉन स्मिथ यांनी आधी स्वतःला आणि मग सोबत्यांना बाप्तिस्मा दिला, तो पाणी ओतून. संपूर्ण बुडवण्याची रीत लंडनमधील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या 1644 च्या विश्वासपत्रात स्पष्टपणे नमूद झाली.

राहिला सभासदत्वाचा मुद्दा, आणि इथे आमच्यात पहिल्यापासून फाटे आहेत. इंग्लंडमधल्या बेडफर्डचे पाळक जॉन बन्यन यांनी 1673 मध्ये लिहिले की बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद मंडळीतील सहभागितेच्या आड येऊ नये. लंडनचे बॅप्टिस्ट पाळक विल्यम किफिन यांनी त्यांना कडाडून विरोध केला. किफिन यांचा तर्क अधिक सुसंगत आहे, कारण आमच्या मते ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही त्याला सभासद करून घेणे म्हणजे ख्रिस्ताची आज्ञा ऐच्छिक ठरवणे होय. तरीही ज्याने प्रामाणिक अभ्यासाअंती आपला बालबाप्तिस्मा खरा मानला आहे, त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवायला माझे मन धजत नाही. त्यामुळे आपण ज्या मंडळीत जाऊ इच्छिता तिथल्या पाळकांना सभासदत्वाची अट आणि प्रभुभोजनाची अट वेगवेगळी विचारावी. अनेक ठिकाणी पहिली कडक आणि दुसरी सैल असते.