आखूड अंडी आणि अडकलेली केंद्रकं: दोष कालव्यात की जुड्यांत?

तुमच्या फळमाशीच्या वांझ माद्या आखूड अंडी घालतात, डॅपीने (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने) रंगवल्यावर अंडपेशीला पोसणाऱ्या नर्स पेशींची केंद्रकं रिंग कॅनालच्या, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या कडीसारख्या कालव्याच्या, तोंडात रुतलेली दिसतात, म्हणजे रिंग कॅनालच बिघडले का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. वर्णनावरून संशय ॲक्टिन या तंतुमय प्रथिनाच्या जुड्यांवर जातो.

एका पेशीची 4 विभाजनं होऊन 16 पेशी बनतात, पण त्या एकमेकींपासून पुरत्या तुटत नाहीत, 15 रिंग कॅनालनी जोडलेल्या राहतात. त्यांतली एक अंडपेशी, बाकीच्या 15 तिला पोसणाऱ्या. अंडकोष्ठाच्या (या पेशींच्या गटाच्या) वाढीच्या अकराव्या अवस्थेत या नर्स पेशी आकसतात आणि साधारण अर्ध्या तासात आपला पेशीद्रव अंडपेशीत ओततात. एवढ्या लोंढ्यात केंद्रक जागचं का हलत नाही? कारण त्याआधीच, 10बी अवस्थेत, पेशीपटलापासून केंद्रकाकडे ॲक्टिनच्या जाड जुड्या वाढलेल्या असतात. चारी बाजूंनी टेकू दिल्यागत त्या केंद्रकाला कालव्यापासून लांब ठेवतात. सिंज्ड (म्हणजे फॅसिन), क्वेल (व्हिलिनच्या कुळातलं) किंवा चिकडी (प्रोफिलिन), ॲक्टिनची बांधणी सांभाळणाऱ्या या प्रथिनांपैकी एकात जरी मोठा बिघाड झाला तरी टेकू ढासळतात आणि मोरीच्या तोंडात बोळा बसावा तसं केंद्रक अडकतं. पेशीद्रव मागेच राहतो, अंडं खुजं राहतं.

केल्च या दुसऱ्या प्रथिनाचा दोष वेगळा. तिथे जुड्या ठीक असतात, पण कालव्याची पोकळीच ॲक्टिनच्या गुंत्याने भरते. पूर्वी केल्चला ॲक्टिन बांधून ठेवणारं प्रथिन समजत. पुढे कळलं की ते क्युलिन-3 या आणखी एका प्रथिनाच्या मदतीने कालव्यातलं एचटीएस-आरसी हे प्रथिन नष्ट करवतं, म्हणजे त्याचं काम साफसफाईचं. मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो: कालवा मोठा व्हायचा तर बांधकामाइतकंच पाडकामही चालू राहावं लागतं. (केल्च म्हणजे जर्मनमध्ये चषक, या माद्यांची अंडी तशी दिसतात.)

तेव्हा माद्यांना दोन दिवस ताजं यीस्ट द्या, अंडाशय काढून फॅलॉइडिन (ॲक्टिन दाखवणारा रंग) आणि डॅपी दोन्ही लावा, आणि 10बी अवस्थेतलेच अंडकोष्ठ बघा. बाराव्या-तेराव्या अवस्थेवरून निदान करू नका, तोवर नर्स पेशी मरायला लागलेल्या असतात. जुड्या गायब आणि कालव्याची कडी स्वच्छ गोल दिसली, तर वरच्या तिघांपैकी कोणीतरी. मग माशीच्या पाठीवरचे राठ केसही तपासा: ते होरपळल्यासारखे वाकडे असतील तर सिंज्ड आधी पडताळा, कारण केसांचा ताठपणाही फॅसिनवरच अवलंबून असतो.